या नावाचं इथं कोणी राहत नाही

लिमासोल, सायप्रस
९ ऑक्टोबर १९९४

रुकमाताई,

नमस्कार नंतर करतो, आधी पाय धरतो. तुझ्या घरी मोठ्या बाबांना आणि माझ्या घरी वेगळी पत्रं टाकली आहेत, त्यांत सगळं छान आहे. हे फक्त तुला आहे, म्हणून यात खरं लिहितो.

ताई, मला इथं काही म्हणजे काही कळत नाही. मराठी, तेलुगू, हिंदी आणि बाजारापुरती गोंडी येणाऱ्या पोराला पाचवी भाषा काय जड, असं बाबा म्हणाले होते. इथं त्या चारांना कोणी विचारत नाही. हॅरिस सर शिकवतात तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो आणि बाकीचे हसले की हसतो. परवा चुकून एकटाच हसलो.

कॉलेज म्हणजे फर्निचरच्या दुकानावरचे दोन मजले. डिग्रीचा कागद इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीचा, इमारत सायप्रसची, मालक कुठला ते कुणालाच माहीत नाही. पोरं नेपाळची, बांगलादेशची, श्रीलंकेची, दोन पंजाबची. सगळ्यांना हैदराबादच्यासारखाच कुठला तरी एजंट भेटलेला. टुरिझमची डिग्री, तीही इंग्रजीत, म्हणजे अख्खं जग उघडं, हे वाक्य आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुपारनंतर आम्ही सगळे हॉटेलांत भांडी घासतो.

पहिला निबंध आलाय. माणसं प्रवासाला का निघतात, यावर. दोन निबंधांत नापास झालो तर नाव काढतात, नाव गेलं की व्हिसा जातो आणि विमानात बसवतात. बाबांनी माझा सुटातला फोटो स्टँडवरच्या आपल्या हॉटेलात भिंतीला लावलाय. मी परत आलो तर त्याच फोटोखाली बसून कपबशा धुवायच्या का? प्रवेशाचा निबंध तूच लिहून दिला होतास, म्हणून मी इथवर आलो. आता अर्ध्या नदीत हात सोडू नकोस.

तुझा,
उद्धव


इचोडा
२ नोव्हेंबर १९९४

अरे आयत्या बिळावरच्या नागोबा,

तुझं पत्र दुकानात आलं. बाबांनी विचारलं, "काय लिवते पोट्टा?" मी म्हटलं, "मजेत हाय, रोज पनीर खाऊन राह्यला." तुझ्यामुळे मला खोटं बोलायची सवय लागतेय.

निबंध सोबत आहे. आपल्या हातानं उतरवून काढ, माझं अक्षर देऊ नकोस. मी काय लिहिलंय ते तरी वाच. नागपूरची बस काकांच्या हॉटेलासमोर थांबते, उतरणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपण हे हॉटेल निवडलं. खरं म्हणजे ते ड्रायव्हरनं निवडलेलं असतं, कारण त्याला इथं जेवण फुकट. प्रवासी आपल्या मर्जीनं निघतो आणि दुसऱ्याच्या मर्जीनं थांबतो, असं मी लिहिलं. पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक नाही, आपल्या स्टँडवर हेच आहे.

एक सांगू? हे लिहिताना मला फार बरं वाटलं. बी.ए. झाल्यापासून मी इंग्रजीचं एक वाक्य लिहिलं नव्हतं. बाबा दुकानात बसवतात तेही पडद्याआड, उधारी मांडायला. घरात बैठक झाली तेव्हा काका म्हणाले, "हाटेलीचं पोरगं हाटेलीचं शिकन," आणि सगळ्यांनी माना हलवल्या. इंग्रजी कुणाला येतं हे कुणी विचारलंच नाही. मी चहा घेऊन उभी होते. तेव्हा राग आला होता, आता लिहून टाकला.

तर बोली अशी. निबंध मी लिहिते, पण तुला वर्गात जी पुस्तकं मिळतात त्यांची पानं मला पाठव. तू वाचत नाहीसच, मला तरी वाचू दे. मला हे शिकायचं आहे.

ताई


लिमासोल
११ फेब्रुवारी १९९५

ताई,

अडुसष्ट मार्क! वर्गात सगळ्यांत जास्त. हॅरिस सरांनी ड्रायव्हरच्या फुकट जेवणाचा भाग मोठ्यानं वाचून दाखवला, पंजाबचा बलविंदर टेबलावर थापा मारून हसला. सर म्हणाले, वीस वर्षं शिकवतोय, हे कुणी लिहिलं नव्हतं. मी मान खाली घातली, त्यांना वाटलं लाजलो.

वर्तमानपत्राच्या गुंडाळीत तीन पुस्तकांच्या झेरॉक्स पाठवतोय. हॉटेलातल्या ऑफिसचं मशीन रात्रपाळीच्या माणसाला गुलाबजाम करून खाऊ घालून वापरलं. भांडी घासणारा असलो तरी डोमाजी हॉटेलवाल्याचा पोरगा आहे, पाक बिघडत नाही.

आता दुसरा निबंध. आपल्या भागातलं एक ठिकाण घ्यायचं आणि तिथं पाहुणे आणायचे तर काय काय करावं लागेल ते लिहायचं. तू कुंतालाचा धबधबा घे. एप्रिलअखेर हवाय.

इथं एकटं वाटतं. पण तुझं पाकीट येणार म्हटलं की दिवस ढकलला जातो.

उद्धव


इचोडा
६ एप्रिल १९९५

उद्धव,

कुंतालाला जाऊन आले. चुलत मामाच्या जीपमध्ये बायकांचा घोळका होता, देवदर्शनाचं निमित्त केलं. सगळ्या धबधबा बघत होत्या आणि मी वही काढून पायऱ्या, सावली, पाण्याचा नळ कुठे नाही ते लिहीत होते. सोजरमावशी म्हणाली, "काय ओ, तू का तलाठीन हायेस?" मी सगळ्यात आधी बायकांच्या आडोशाची सोय मांडली आहे. तुझ्या पुस्तकांत पाहुण्यांबद्दल चारशे पानं आहेत, पण पाहुणी बाई जाणार कुठे हे एकाही पानावर नाही.

ती पानं मी तीनदा वाचली. पडद्याआड बसून, उधारीच्या वहीखाली ठेवून. काही शब्द अडतात, पण गाडी पुढे जाते.

आता वाईट बातमी. जैनथच्या उत्तमरावांचं स्थळ आलंय. कापसाची शेती, घर मोठं, मुलगा अमृत शांत आहे म्हणतात. बाबांना पसंत आहे. मी म्हटलं, परीक्षा होऊ द्या. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "कोनती परीक्षा? तुही बी.ए. होऊन दोन वर्सं झाली ना?" मी म्हटलं, उद्धवची. सगळे हसले. चुलतभावाच्या परीक्षेसाठी बहिणीचं लग्न थांबतं का कुठे?

पण खरंच सांगते, माझीच परीक्षा चालू आहे असं मला वाटतं. ती अर्धी टाकून जायला मन घेत नाही. काहीतरी सुचव.

ताई


लिमासोल
१९ ऑगस्ट १९९५

ताई,

बसून वाच. पकडला गेलो.

कुंतालाच्या निबंधाला अठ्ठ्याहत्तर पडले आणि सरांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, बायकांच्या आडोशाचं तुला कसं सुचलं, सांग. मी एकदा यस म्हटलं, एकदा नो म्हटलं, मग थँक यू म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं. ताई, मला रडू फुटलं. मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, दुकान, पडदा, तू.

ते ओरडले नाहीत. मला घेऊन प्रिन्सिपल बाईंकडे गेले. मला वाटलं, आता विमान. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी एवढंच विचारलं की त्या मुलीकडे पासपोर्ट आहे का. ताई, त्यांना खुर्ची भरलेली हवी, खुर्चीत कोण बसलंय याचं त्यांना सोयरसुतक नाही. सर अडून बसले आणि शेवटी ठरलं ते असं: माझी जागा तुझ्या नावावर करायची. भरलेली सगळी फी तुझ्या नावे वळती करायची. तू दोन्ही निबंधांच्या जोरावर पुढच्या वर्षात बसायचंस. सर म्हणाले, तिनं ते वर्ष केलंच आहे.

तुला प्रवेशाचा फॉर्म येईल. त्यावर सही करून तो एकतीस जानेवारीच्या आत इथं पोचला पाहिजे. तारीख चुकली तर संपलं, मग नव्यानं सगळं, आणि ते आपल्या घराला जन्मात जमणार नाही.

माझं काय, असं विचारशील. सर मला सहा महिने सांभाळून घेणार आहेत. मग मी येईन, फोटोखाली बसेन. मला खरंच वाईट वाटत नाही. वर्षभर दुसऱ्याच्या चपला घालून चालत होतो, पाय सोलून निघाले होते.

तू ये. फक्त ये.

उद्धव


इचोडा
१४ सप्टेंबर १९९५

वेड्या,

पत्र वाचून मी दुकानाच्या मागं गोदामात जाऊन पोत्यावर बसले आणि हसत सुटले. आई शोधत आली, "काऊन हसून राह्यली ओ एकटीच?" तिला मिठी मारली, ती घाबरली.

पासपोर्ट आहे. तुझा फॉर्म भरला तेव्हा माझाही भरला होता, कशासाठी ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. चौकशीला आलेल्या हवालदाराला मी मागच्या दारानं चहा पाजला, त्यामुळे त्यानं दुकानात काही विचारलं नाही.

पण घरी सांगावं तर लागणारच होतं. सांगितलं. बाबांनी हातातला तराजू खाली ठेवला.

"पोरीच्या जातीनं एकटीनं इमानात बसून जाचं? लोकं काय म्हनतीन?"

"उद्धव गेला तवा लोकं काय म्हनले?"

"थो पोट्टा हाय."

"पन निबंध माह्याच होता, बाबा."

त्यांना ते कळलं. अगदी नीट कळलं, हे मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. पण बाप आहेत. ते म्हणाले, उत्तमरावांना शब्द दिलाय, लग्न होऊ दे, मग नवऱ्याच्या घरून जा, माझी ना नाही. उत्तमरावांनाही विचारलं. ते म्हणाले, "आमची काई हरकत नाई. सून शिकली त आमच्याच घरान्याचं नाव." अमृत दोन मिनिटं बोलला, आईसमोर, ओट्यावर. "कागद हाती येऊ द्या. कागद असला की बापूजी आयकते. मंग मी सांगतो त्यायले." माणूस खोटा वाटला नाही.

तर लग्न तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरअखेर. फॉर्म इथं पाठवू नकोस, बाबांच्या हाती पडला तर ते "सवडीनं पाहू" म्हणून कपाटात टाकतील. सरळ जैनथला पाठव, रजिस्टरीनं, म्हणजे हरवायचा नाही: सौ. रुख्मिणी, केअर ऑफ उत्तमराव, जैनथ. सही करून त्याच दिवशी परत टाकते.

मी येते आहे, उद्धव. माझा अजून विश्वास बसत नाही.

ताई


लिमासोल
८ ऑक्टोबर १९९५

ताई,

लग्न करू नकोस. आधी ये, मग कर. मला भीती वाटते. लग्नानंतर बाई कशी जाते? आपल्या घरातली कोण गेली? तू मला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणालीस, मग आता माझं एक ऐक. अमृतराव भला असेल, पण भला माणूसच बापापुढे गप्प बसतो.

तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. वर्षभर घरच्यांना खोटं सांगितलंस ते माझ्यापायी, आता तुझ्यापायी पळून ये म्हणायची माझी लायकी नाही. सांगितलं तसंच करतो. कॉलेज नोव्हेंबरच्या शेवटी फॉर्म देणार आहे. मिळाला की त्याच दिवशी जैनथला रजिस्टरी. एकतीस जानेवारी, विसरू नकोस.

उद्धव


जैनथ
६ डिसेंबर १९९५

उद्धव,

लग्न झालं. तू नव्हतास, करवलीनं तुझ्या नावानं दोन अक्षता जास्त टाकल्या.

एक गंमत ऐक. माझं नाव बदललं. मला वाटलं होतं आताच्या काळात कोण बदलतं, पण बदलावंच लागलं, कारण माझ्या सासूबाईंचं नावही रुख्मिणीच. मला लग्नापर्यंत पत्ताच नव्हता, सगळे त्यांना अमृतची आई म्हणतात. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, मग स्वतःचं तरी कसं सांगणार? ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं शुभांगी लिहिलं. आता मी शुभांगी. हाक मारली की मला मागं वळून बघावंसं वाटतं, ही कोण म्हणून.

पत्र आता शुभांगीच्या नावानं टाक. फॉर्म अजून निघाला नसेल तर तोही. ह्यांना रोज आठवण करते. म्हणतात, "कागद येऊ दे."

ताई


जैनथ
३ फेब्रुवारी १९९६

उद्धव,

फॉर्म आला नाही. तारीख गेली. तू एक ओळसुद्धा का टाकली नाहीस?

मी तुला एक गोष्ट सांगते, ती वाचून मला एकच उत्तर दे.

या घरात एक नियम आहे. जमिनीवर सिलिंगचा कायदा आला तेव्हा जादा जमीन जाऊ नये म्हणून बापूजींनी, माझ्या सासऱ्यांनी, बारा एकरांचा पट्टा सासूबाईंच्या नावावर केला. तेव्हापासून तहसीलच्या, मंडल ऑफिसच्या कागदांची त्यांना धास्ती. सासूबाईंच्या नावाचं काहीही आलं की घ्यायचं नाही, दस्तखत करायचं नाही. बाई इथं राहत नाही म्हणायचं. वीस वर्षं हेच चाललंय. गावच्या टपालवाल्यालाही पाठ आहे, पण रजिस्टरी म्हटलं की त्याला दारात येऊन विचारावंच लागतं.

डिसेंबरात, संक्रांतीच्या बऱ्याच आधी, तो आला. मी चुलीपुढे होते, हात ज्वारीच्या पिठात. बाहेरून आवाज आला, "रुख्मिणीबाईच्या नावानं रजिस्टरी हाय!" उद्धव, माझा पाय उचलला गेला. मग मला आठवलं की हे नाव आता माझं नाही, सासूबाईंचं आहे, आणि नव्या सुनेनं ओसरीवर जाऊन ते आपलं म्हणायचं तर कसं? बापूजींचा आवाज आला, "या नावाचं इथं कोनी राह्यत नाई. लिहून दे वापस." टपालवाला हसला. लिहून दिलं. मी भाकरी थापत राहिले.

तेव्हा मनात आलं होतं. मी ते दाबलं. म्हटलं, माझं नवं नाव उद्धवला कळलंय, तो शुभांगीच्या नावानंच पाठवेल. रात्री ह्यांना विचारलं, कुठून आलं होतं ते? "तहसीलचं असन, दुसरं काय?"

तर आता खरं सांग. तू ते पाठवलंच नव्हतंस ना? आळस केलास, विसरलास, कॉलेजनं उशीर केला, काहीही लिही. मी तुला पोटभर शिव्या देईन आणि मग मला झोप लागेल. पाठवलं नव्हतंस, एवढंच लिही.

ताई


लिमासोल
१० मार्च १९९६

ताई,

ते माझंच होतं.

एकोणतीस नोव्हेंबरला टाकलं. तुझ्या नव्या नावाचं पत्र मला डिसेंबरच्या वीस तारखेला मिळालं. म्हटलं, घर तर तेच आहे, नाव बदललं म्हणून सुनेला घरचे ओळखणार नाहीत का? दुसरं पाकीट टाकायला हवं होतं. नाही टाकलं. कॉलेज दुसरा फॉर्म देत नव्हतं, पण साधं पत्र तर टाकता आलं असतं की लक्ष ठेव म्हणून. तेही टाकलं नाही, तुझ्या सही केलेल्या फॉर्मची रोज वाट बघत बसलो. गेल्या आठवड्यात माझंच पाकीट परत आलं. पाठीवर तेलुगूत आणि इंग्रजीत लिहिलंय, या नावाची व्यक्ती इथं राहत नाही. फोडलेलंसुद्धा नाही.

मी ते घेऊन पळत बाईंकडे गेलो. सर आले, भांडले, त्यांचा चेहरा लाल झाला. बाई म्हणाल्या, तारीख ती तारीख. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते तुला सांगावं की नाही या विचारात तीन दिवस गेले.

जागा ऑक्टोबरातच तुझ्या नावावर झाली आहे. ते नाव काढलं तर खुर्ची रिकामी दिसते, आणि इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीची माणसं येऊन खुर्च्या मोजतात. म्हणून नाव राहणार. आता रोज सकाळी हजेरीत रुख्मिणी असं पुकारतात. त्या खुर्चीत मी बसतो. बाईंनी मला तसं सांगितलंय, आणि मी यस म्हणतो. यस म्हणत राहिलो तर मला इथं वर्षभर राहू देतील, बलविंदरच्या हॉटेलात नोकरीपण आहे. हॅरिस सरांनी हजेरी घ्यायची वेळ आली की ते मान खाली घालून भराभर वाचतात, पण तुझ्या नावाशी अडखळतात.

ताई, मी वाईट माणूस आहे का? रोज तुझं नाव ऐकतो, आणि तोंडातून यस निघतं. तू सांगशील ते करीन. शिव्या दे, पण लिही.

उद्धव


जैनथ
२ एप्रिल १९९६

उद्धव,

पत्र मिळालं. शुभांगीच्या नावानं होतं, म्हणून मिळालं.

तिसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं. ते खाटेवर बसून राहिले. "मले ठाऊक असतं त..." एवढंच म्हणाले, तीनदा. बापूजींशी बोलले नाहीत. काय बोलणार? बापूजींनी बेइमानी केली नाही, घराचा नियम पाळला. मला कुणावर ओरडावं तेच सापडत नाही, आणि त्यानं माझा जीव जातो. ओरडायला एक माणूस तरी मिळायला हवा होता.

सासूबाईंना मीच सांगितलं, कापसाच्या पऱ्हाट्या वेचताना, दोघीच होतो. त्यांना सगळं नीट कळायला वेळ लागला. मग त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या. "म्हंजे माह्या नावानं तुह्यं शिकनं वापस गेलं काय ओ पोरी?" मी मान हलवली. "वीस वर्सं हे लोकं म्हनते का मी इथं राह्यत नाई. मले वाटे, कागदावरचं हाय, आपल्याले काय. मले कधी खरंच कोनाचं पत्र आलं असतं तरी कोनं देलं असतं?" त्या रडल्या. मग मीही रडले. सासू-सुना धुऱ्यावर बसून रडताना बघून चंपत गडी बैल सोडून पळत आला, त्याला वाटलं कुणी गेलं.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. रागवायचा प्रयत्न केला, जमला नाही. तू दुसरं पाकीट टाकलं नाहीस, मी ओसरीवर गेले नाही. पीठ झटकून दहा पावलं चालायची होती. नवी सून असं करत नाही म्हणून थांबले. रोज रात्री मी ती दहा पावलं चालते.

मला आता तिथं येता येणार नाही, हे मला कळलंय. पुढच्या वर्षी, नंतर, मुलं झाल्यावर, असं ह्यांनी सुरू केलंय. त्यांना बरं वाटावं म्हणून मी हो म्हणते. झेरॉक्सची पानं माझ्या ट्रंकेत आहेत. अजून वाचते, पण आता वाचून काय लिहायचं, ते ठरत नाही.

तू विचारलंस, काय करू. सांगते, आणि यात तुझं नुकसान आहे हे मला पक्कं माहीत आहे. तुला परत यावं लागेल. काका बोलतील, गाव बोलेल, फोटोखाली बसावं लागेल. तरी सांगते.

तू वाईट नाहीस. पण ऐक. इथं मला शुभांगी म्हणतात. माहेरी गेले तर तिथंही आता जावयाचा मान राखून शुभांगीच म्हणतात, आईसुद्धा. माझं नाव मोठ्यानं घेतलं जातं अशी एकच जागा उरली आहे, आणि तिथं तू यस म्हणतोस. वर्षभर मी तुझ्या नावानं लिहिलं, हौसेनं लिहिलं, त्याचं मला काही नाही. पण माझ्या नावाला तू ओ देऊ नकोस. माझ्यानं ते सहन होत नाही, उद्धव. तिथं मी आलेले नाही. त्या वर्गाला ते कळू दे.

उद्या सकाळी त्या खुर्चीत बसू नकोस, मागं भिंतीला उभा राहा. सर नाव पुकारतील. तू गप्प राहा. ते पुन्हा पुकारतील, तेव्हाही गप्प राहा. मग ते मान वर करून बघतील, कोण आलं नाही म्हणून. बघू दे त्यांना.

रुख्मिणी